बाबांनी नेलेली चिकूची पाटी

चिंचणीहून बोईसरला जाणाऱ्या एसटीत बाबांनी माझी बॅग चढवली आणि खिडकीखाली उभे राहिले. "पोचलीस का फोन कर," एवढंच म्हणाले. मी मान फिरवली. पोरीला पुण्यात नोकरी लागली, असं आईने आळीत सांगितलं होतं. तुम्ही आळीतल्या सगळ्यांनी ते मानल्यासारखं केलंतही, कारण मी खरी का चालले ते तुम्हाला ठाऊकच होतं.

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी लॅबमध्ये आमच्या सरांनी सुषमाला हात धरून कपाटाशी अडवलं होतं. सुषमा माझी मैत्रीण, डोंगरातल्या पाड्यावरची, होस्टेलवर राहणारी. मी दारातून पाहिलं, "सर, सोडा तिला," म्हणाले आणि तिला बाहेर काढलं. मग तिच्यासोबत तक्रार समितीपुढे जाऊन जे पाहिलं ते सांगितलं. सर आमच्याच गावचे. "ती पोरगी उद्या निघून जाईल. आमाला इथंच रावायचं हाय," माझी काकू मला म्हणाली.

आमच्याकडे वाडीच्या बांधावरून भांडण झालं की एकाने दुसऱ्याच्या घरी चिकूची पाटी न्यायची. मग मिटलं. चूक नेणाऱ्याची, हे न बोलताच ठरतं. बाबांना गावाचा अबोला सोसवेना. एका सकाळी ते सरांच्या ओट्यावर पाटी ठेवून आले. सरांनी समितीला सांगितलं, साक्षीदाराचा बापच माफी मागून गेला. तक्रार तिथेच बारगळली. सर अजून शिकवतात.

परीक्षा होईपर्यंत मी सुषमाच्या शेजारीच बसले, प्रॅक्टिकलला तिच्या टेबलापासून हलले नाही. निकाल लागला आणि मी गाव सोडलं.

पुण्याच्या ऑफिसात यावर दरवर्षी ट्रेनिंग असतं. छेडछाड दिसली तर मध्ये पडा, पीडितेला साथ द्या, अशा स्लाइड्स. सगळे माना डोलावतात, मग समोसे येतात. मध्ये पडल्यावर आपल्याच घरच्यांचं काय करायचं, याची स्लाइड मी अजून पाहिलेली नाही.

सुषमा आता बोईसरच्या एका कारखान्यात लॅबमध्ये आहे, सालवडला खोली घेऊन राहते. मी येते ती तिच्याकडेच. चिंचणीला जात नाही. आई रिक्षाने मला भेटायला तिथे येते. बाबाही येतात, पण खालीच थांबतात. "त्यांना लाज वाटते गो," आई म्हणते. ते ऐकून मला बरं वाटतं, खोटं कशाला सांगू.

घर म्हणजे आता तीच खोली. बाबांना वर बोलवायला दर वेळी सुषमा जाते. "काका, चला, चा झालाय." तिला ते जमतं. त्यांना आणायला मी अजून एकदाही तो जिना उतरलेले नाही.