पाठीचा बाक आणि पायाची चाल

दवाखान्यात काम करणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात. औषधांच्या रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या भंगारवाला घेऊन जातो. किस्से मात्र कुणी नेत नाही, उलट चहाला आलेला प्रत्येक जण म्हणतो, "अजून एक काढा की!"

माझ्याकडचा सगळा साठा एकोणीसशे साठ ते सत्तरमधला. मुंबईत व्यायामोपचाराचा कोर्स केला, लग्न होऊन पालघरला आले आणि सावे डॉक्टरांच्या दवाखान्यात कामाला लागले. डॉक्टर हाडांचे. त्यांचा खाक्या असा की पेशंटने आल्या आल्या बसायचं नाही. ओटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, आणि डॉक्टर खुर्चीतून नुसतं बघणार. कणा एका बाजूला झुकलेला असला तर खांदा उतरतो, कंबर तिरकी होते, एक पाऊल दाबून पडतं. पोक असलं तर पावलं आखूड होतात. हे मी पुस्तकात वाचलं होतं. डॉक्टरांना ते रस्त्याने जाणाऱ्या माणसातही दिसायचं. वर्षभरात मलाही दिसायला लागलं! लोक मला 'कसरतवाली बाय' म्हणू लागले, आणि खरं सांगते, मला ते आवडायचं.

* * *

एकदा सकाळी पेशंट नव्हते. आम्ही दोघं ओटीवर उभे. समोरून एक धोतरवाला गृहस्थ चालला होता. उजवीकडे सपशेल कललेला, डावा पाय ओढत.

"काय वाटतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कण्याला बाक. कमरेच्या जरा वर," मी म्हटलं.

"बरोब्बर!" म्हणत डॉक्टरांनी त्याला हाक मारली. "अहो, या जरा. पैसे नकोत, नुसती पाठ बघतो."

तो गृहस्थ पळायलाच निघाला. पण तसल्या चालीने पळणार किती? डॉक्टरांनी दंड धरून आत आणला आणि सदरा वर केला. दारूबंदीचे दिवस होते. त्याच्या कमरेला उजव्या बाजूने सायकलची ट्यूब गुंडाळलेली, आणि ती तोंडापर्यंत भरलेली!

"साहेब, पोलिसाला सांगू नका हां," तो हात जोडून म्हणाला.

डॉक्टरांनी सदरा खाली केला, शांतपणे हात धुतले आणि मला म्हणाले, "बाई, हा बाक बिनऔषधाचा उतरतो. संध्याकाळपर्यंत!"

* * *

दातिवऱ्याची हिराबाई मासळी घेऊन पालघरच्या बाजारात बसायची. पाठ दुखते म्हणून आली. पाटी ओटीखाली ठेवून चालून दाखवलं, तर डावा खांदा खाली आणि चाल हेलकावे खाणारी. डॉक्टरांना काय वाटलं कोण जाणे, म्हणाले, "आता पाटी डोक्यावर घेऊन चाल."

तिने पाटी घेतली, आणि बाई अशी चालली की बघत राहावं! मान सरळ, कंबर स्थिर. तोल सांभाळायला पाठीचे स्नायू आपसूक कामाला लागले होते. तिच्या कण्याचा बाक थोडासाच होता, स्नायू जागे राहिले तर तो सावरला जात होता.

मी तिला व्यायाम शिकवले आणि सांगितलं, "पाटीतलं वजन कमी कर. पण रोज थोडा वेळ रिकामी पाटी डोक्यावर घेऊन अंगणात फिर."

महिन्याभराने तिची जाऊ आली, कपाळाला हात लावून. "बाय, तुमी तिला काय सांगून ठेवलंय? ती पुतण्याच्या हलदीला पाटी घेऊन आली! नवी साडी, गजरा आन डोक्यावर पाटी. व्याही इचारतात, 'मासली हाय काय?' तर म्हनते, 'मासली नाय, डॉक्टरचं औषद हाय!'"

* * *

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं आणि बोईसरला देशभरातून मजूर आले. आमच्याकडे हिंदी तेव्हापासून सुरू झाली. रामधनी नावाचा एक दणकट गडी सिमेंटच्या गोणी नेहमी उजव्याच खांद्यावर घ्यायचा. पाठ आखडून तो एका बाजूला वाकूनच चालायला लागला होता. डॉक्टरांनी शेक दिला, दोन आठवडे विश्रांती सांगितली आणि बजावलं, "अब खांदा बदल बदल के उठाना."

पावसाळा संपता संपता रामधनी परत हजर. आता तो दुसऱ्या बाजूला वाकलेला!

"बदल बदल के बोला था ना?" डॉक्टर ओरडले.

"बदल दिया ना साहब!" रामधनी म्हणाला. "एकदम बदल दिया!"

* * *

गावातल्या शाळेत एक ड्रिलमास्तर होते. आपण त्यांना राऊत मास्तर म्हणू. सगळी हयात पोरांना "ताठ उभे राहा!" म्हणून ओरडण्यात गेली, आणि पन्नाशी उलटल्यावर त्यांनाच पोक आलं. मान पुढे, नजर जमिनीवर. समोरचं बघायचं तर गुडघे वाकवून मागे रेलावं लागायचं. मग पावलं आखूड पडायची आणि दोन फर्लांगात मास्तर थकायचे. शाळेत जायची त्यांना लाज वाटू लागली. "कुठल्या तोंडाने ताठ म्हणू, बाई?" असं म्हणाले.

वयाने आलेलं पोक पुरतं जात नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पण छाती उघडायचे आणि पाठ ताणायचे व्यायाम त्यांनी शिपायाच्या शिस्तीने केले. दम लागायचा थांबला. नजर जमिनीवरून वर आली, निदान लोकांच्या गुडघ्यांपर्यंत!

आणि त्याचा त्यांनी फायदा करून घेतला. मास्तर आता माणसं पायांवरून ओळखायला लागले. रस्त्यात मला म्हणायचे, "बाई, डाव्या चपलेचा अंगठा शिवून घ्या." वर मान नाही काही नाही!

एकदा शाळेत तपासणीला येणारे साहेब आधी कुणाला न कळवता, साधे कपडे घालून, गुपचूप मैदानाच्या कडेला उभे राहिले. बाकीचे शिक्षक झाडाखाली गप्पा मारत होते. राऊत मास्तर खाली बघत त्यांच्यासमोरून गेले, थांबले, आणि मैदानभर गरजले, "शाळा, सावधान! पालघरच्या धुळीत इतका चकचकीत बूट दुसऱ्या कुणाचा असणार नाही!"

* * *

हा एक किस्सा सांगताना मी अजूनही जरा थांबते.

डोंगराकडच्या पाड्यावरून जान्या आला, बायको देवकीसोबत. पंचविशीतला वारली गडी. पाठ दुखते, संध्याकाळी ताप येतो, एवढंच सांगत होता. चाल अगदी जपून. जणू डोक्यावर भरलेला हंडा आहे आणि थेंब सांडायचा नाही. पाठीवर बाहेरून काही दिसत नव्हतं.

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली पाडलं. "जान्या, उचल रे."

जान्या वाकला नाही. एक हात मांडीवर टेकला, पाठ काठीसारखी ताठ ठेवून गुडघ्यांत बसला, पेन घेतलं आणि तसाच उठला. डॉक्टरांचा चेहरा उतरला. मणक्यात क्षय होता. आता गाठलं नाही तर मणका खचणार, कुबड येणार, कदाचित पायही जाणार.

"उताणं झोपून राहायचं. प्लास्टरमध्ये. बरेच महिने," डॉक्टर म्हणाले. "रोज इंजेक्शन."

"मंग भात कोन लावील?" जान्या म्हणाला आणि उठून निघालाच.

देवकी उठली. ती दारात आडवी उभी राहिली. "भात मी लावीन. माजे भाव हायेत मदतीला. तू निज!"

आणि तो निजला! मागच्या खोलीत, प्लास्टरच्या साच्यात. छताकडे बघून कंटाळायचा, रडायचा, मला शिव्या द्यायचा. मी त्याच्याकडून हातापायांचे व्यायाम करून घ्यायची. देवकी लावणी उरकून यायची, कापणी उरकून यायची, पायाशी बसून शेताची खबर सांगायची.

शेवटी प्लास्टर निघालं, पट्टा लागला, पुढे पट्टाही सुटला. तपासणीला आला त्या दिवशी तो ओटीवरून सरसर चालत गेला. डॉक्टरांनी पुन्हा पेन पाडलं. जान्या कमरेत वाकला, पेन उचललं आणि डॉक्टरांच्या हातात देत म्हणाला,

"डॉक्टर, तुमच्या हातात काय राहात नाय! कोनाला तरी दाखवा."

* * *

आता मंदाचा.

मंदा घिवलीची, वाडीवाल्यांची मुलगी. लहानपणी झाडावरून पडून मांडी मोडली होती. हाड जुळलं, पण डावा पाय जरा आखूड राहिला. त्यामुळे कंबर डावीकडे उतरायची, तोल सावरायला कणा वाकायचा, आणि चालताना ती दर पावलाला लचकायची. "पाठीत बाक हाय, उद्या संसार कसा झेपनार?" म्हणून दोन स्थळं परत गेली होती. बाप तिला घेऊन आला तो रडकुंडीला येऊन.

डॉक्टरांनी तिला उभं केलं आणि डाव्या पायाखाली लाकडाची फळी सरकवली. कणा माझ्या डोळ्यांदेखत सरळ झाला! बाक कण्याचा नव्हताच, पायाचा होता. मग चांभाराकडून डाव्या चपलेला जाड तळ लावून घेतला. ती चप्पल घालून मंदा चालली तेव्हा बाप ओटीवरच मटकन बसला.

तिसरं स्थळ आलं. मुलगा बोईसरचा, तारापूरच्या कामावर सुपरवायझर. मंदाने हट्टाने मला बोलावून घेतलं. पाहुणे बसले, चहाची तयारी झाली, आणि तेव्हा आमच्या ध्यानात आलं. पाहुण्यांसमोर जायचं म्हणजे अनवाणीच! चपला दाराबाहेर!

आई हळूच म्हणाली, "तू आधीच जाऊन बस. चालू नको."

मंदाने तिच्याकडे बघितलं. मागच्या दाराने गेली, चपला घातल्या आणि चहाचा ट्रे घेऊन टकटक वाजवत सरळ ओटीवर आली!

मुलाची आत्या उडालीच. "अगो बाय! घरात चपला?"

मंदाने ट्रे खाली ठेवला. "चपला घालून मी अशी चालते," म्हणाली आणि भिंतीपर्यंत जाऊन आली. मग चपला काढल्या. "आन काडल्यावर अशी." पुन्हा भिंतीपर्यंत गेली, लचकत, अजिबात घाई न करता. "पाय आखूड हाय. पाठ चांगली हाय. बाकी काय इचारायचं ते या बायना इचारा."

बापाची मान खाली. मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मंदा मुलाकडे वळली.

"आता तुमी."

"मी काय?" मुलगा दचकला.

"चाला की. मी दोनदा चालले."

आत्या काहीतरी पुटपुटली. पण मुलगा उठला. पँट सारखी केली, भिंतीपर्यंत गेला, वळला आणि घाम पुसत परत आला. मंदा मान कलती करून नीट बघत होती, अगदी सावे डॉक्टर बघायचे तशी.

"खांदे जरा पुडे येतात," ती म्हणाली. "पन चालेल."