पुढचे शॉकअप

बायको गेल्यावर पाचव्या महिन्यात मी गाडीचे पुढचे दोन्ही शॉकअप बदलले. दोन हजार चार साल असेल. खरं म्हणजे ती असतानाच बदलायचे होते. डावीकडचा तेव्हाच गळत होता. चालतंय अजून, म्हणत राहिलो. खारीवरून, मिठागरांमधल्या रस्त्याने, हॉस्पिटलला जाताना प्रत्येक खड्ड्यात गाडी आपटायची आणि ती पोटावर हात दाबून धरायची. ऑपरेशन झालेलं पोट. एकदाही बोलली नाही, म्हणून मला सोपं गेलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

गाडी जुनी, गिअर स्टिअरिंगला. ज्या शेठकडे ड्रायव्हर होतो त्यांनी शहर सोडून जाताना दिली. तिला गॅरेजात कधी नेलं नाही. बिल्डिंगखालीच जॅक लावला, चाकं काढली, जुने शॉकअप उतरवले. नवे उभे धरून पाच-सहा वेळा दाबले-ओढले, आतली हवा काढली आणि बसवले. खालचा बोल्ट मात्र तेव्हाच आवळायचा नसतो. चाकं जमिनीवर टेकली पाहिजेत आणि सीटवर वजन पाहिजे. नाहीतर आतलं रबर पिळलं जातं, लवकर फाटतं. पूर्वी असं काम निघालं की माझ्या जागी मी हत्यारांची पेटी नि जुने टायर टाकायचो, डावीकडे बायकोला बसवायचो.

"मी काय तांदळाची गोण आहे?"

"गोण हलत नाही. तू पण हलू नको."

आता कोणाला बसवणार? चाकं लावून गाडी खाली टेकवली, वीस लिटरचे पाण्याचे तीन कॅन भरून डावीकडे ठेवले. साठ किलो.

तळमजल्यावरचा गुजराती शेजारी बघत उभा होता. "काका, पानी को घुमाने ले जा रहे हो? मेरेको बोलते, मैं बैठता."

"आप बैठेगा तो गाडी उठेगी नहीं."

हसला आणि गेला.

बोल्टाला पाना लावला आणि हात थांबला. साठ किलो हे ती धडधाकट होती तेव्हाचं वजन. शेवटी हॉस्पिटलच्या काट्यावर एक्केचाळीस भरली. उठलो, एक कॅन बाहेर काढला. तेवढ्या फरकाने रबराला काही होत नाही, मला कळतं. तरी काढला. मग दोन्ही बोल्ट आवळले.

ते दोन कॅन तसेच ठेवून त्याच रस्त्याने निघालो. मोठा खड्डा आला, चुकवला नाही. गाडी दबली, वर आली, शांत झाली. कॅन जागचे हलले नाहीत. सकाळी हात घातलेलं काम जेवायच्या आत झालं होतं. अर्ध्या दिवसाचं काम.

हॉस्पिटलच्या गेटपर्यंत गेलो. वॉचमन काचेशी आला.

"पेशंट उतारो, गाडी बाहर लगाओ."

"पेशंट नहीं है."

"तो कायको आये?"

मागे रिक्षा हॉर्न मारत होती. तिला जागा देऊन गाडी वळवली.