परत ठेवताना घाई नाही

सगळे आपल्याला पाठीमागे 'सावकाश मास्तर' म्हणतात हे मास्तरांना ठाऊक होतं. म्हणोत बापडे! बँकेच्या गाड्यांवरच्या पहारेकऱ्यांना पिस्तूल शिकवता शिकवता सव्वीस वर्षं गेली, गुडघे गेले, डावा कान जवळजवळ गेला. आता नावाचं काय घेऊन बसायचं?

त्यांचा धडा एवढासाच. पिस्तूल काढताना काय घाई करायची ती करा, कमरेच्या होल्स्टरमध्ये, म्हणजे त्या चामडी म्यानात, परत ठेवताना नाही. बोट ट्रिगरपासून लांब, सरळ. डाव्या हाताने कपडा बाजूला. मान खाली घालून बघा, मग ठेवा. जरा जरी अडलं तर दाबू नका, बाहेर काढा. "ठेवताना कोण मागे लागलंय तुमच्या?" हे वाक्य म्हणताना हल्ली त्यांना स्वतःलाच जांभई यायची. तरी म्हणत. कारण त्यांच्या जुन्या जोडीदाराचा सदरा असाच आत अडकला होता, त्याने वरून दाबलं, आणि गोळी मांडीतून गुडघ्यापर्यंत गेली. तो आता फाटकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या सह्या घेतो. टेबलाचा आधार घेतल्याशिवाय त्याला उठता येत नाही.

यंदाच्या परीक्षेला रांगेत मास्तरांचा जावई होता. पास झाला की गाडीचा प्रमुख, नापास झाला तर वर्षभर गोदामाच्या दारावर. मुलगी आधीच सांगून गेली होती, "बाबा, घरात बाळ येतंय. तुमचं ते सावकाश या वेळी जरा गुंडाळून ठेवा."

जावयाने पाचही गोळ्या मधोमध मारल्या, आणि समोर बघतच, मोठ्या ऐटीत, भरलेलं पिस्तूल खटकन होल्स्टरमध्ये घातलं.

"नापास," मास्तर म्हणाले.

"अहो मामा, पाचही गोळ्या..."

"इथे मामाबिमा कोणी नाही. तुम्ही खाली बघितलं नाहीत."

जावयाचं तोंड एवढंसं झालं. तो भिंतीजवळच्या बाकावर बसला तो संध्याकाळपर्यंत हलला नाही. हलणार कुठे? घरी जायला सासऱ्याचीच मोटारसायकल.

मास्तरांनी दिवसभरात चाळीस जणांना तेच दाखवलं, तेच सांगितलं. सगळे गेले तेव्हा गुडघा ठणकत होता, थंडी वाजत होती, डोळ्यांपुढून लेकीचा चेहरा हलत नव्हता. त्यांनी तिनेच दिलेलं जाकीट चढवलं. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी जावयाला हाक मारली. "या इकडे. पुन्हा एकदा दाखवतो."

त्यांनी दोन गोळ्या झाडल्या. डाव्या हाताने कानांवरचं झाकण मागे सारत, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, उजव्या हाताने पिस्तूल खाली नेलं. काहीतरी अडलं. त्यांनी दाबलं.

"बाबा, थांबा!" जावई ओरडला.

हात जागीच राहिला. मग, ते शिकवत तसंच, सावकाश, पिस्तूल वर आलं आणि नळी समोरच्या मातीकडे वळली. जाकिटाच्या कमरेच्या दोरीचा गाठीएवढा मणी ट्रिगरच्या कडीत शिरला होता. मास्तरांनी तो सोडवला, पिस्तूल रिकामं केलं, टेबलावर ठेवलं आणि बाकावर बसले. आपण मेलो असतो यापेक्षा आपण दाबलं, याचंच त्यांना जास्त भय वाटलं.

"बरं दिसलं तुम्हाला."

"दिवसभर तेच तर बघत होतो," जावई म्हणाला. "तुम्ही एकदा तरी चुकाल म्हणून."

मास्तरांना रागही आला नाही. त्यांनी परीक्षेची यादी पुढे ओढली. शेवटच्या ओळीत शिकवणाऱ्याचं स्वतःचं नाव असे, आणि त्यापुढे ते दरवर्षी न बघता 'पास' लिहीत. नापास शिकवणाऱ्याला पुन्हा शिकवता येत नाही, असा नियम होता. तोही त्यांनीच करायला लावलेला.

जावई हळूच म्हणाला, "इथे दुसरं कोणी नाही. तुम्ही माझं खोडा, मी तुमचं विसरतो."

लेक बोलणार नाही, हे नक्की. बाळाच्या बारशाला तरी बोलावेल की नाही, देव जाणे. सव्वीस वर्षांचा शीण एकदमच अंगावर आला. त्यांनी पेन उचललं आणि आपल्या नावापुढे 'नापास' लिहिलं. जावयाचं होतं तसंच ठेवलं.

"आता तुम्ही विसरलात तरी चालेल," ते म्हणाले.

फाटकावर जोडीदाराने सहीची वही पुढे सरकवली. मास्तरांनी सही केली आणि त्याच्या खुर्चीच्या बाजूची रिकामी जागा जरा वेळ बघितली.

"उद्या इथे आणखी एक खुर्ची टाक रे."

जोडीदाराने मास्तरांचे दोन्ही पाय तेवढे नीट बघून घेतले.