पान्यावरची लेक

आमच्या गावाच्या वर डोंगरात तळं हाय. शनवार-आयतवारी म्हमईची पोरं तिथं तंबू टाकून राहतात, आनि सकाळी लांब फळीवर उभी राहून वल्हं मारत पान्यात फिरतात. त्यांच्या भाकऱ्या मी भाजायची. फळीवर उभं कसं राहायचं ते माजी लेक शिकवायची. ती लहानपनापासून त्या तळ्यात पोहलेली, म्हनून तंबू भाड्यानं देनाऱ्या तंबूवाल्यानं तिला कामाला ठेवली.

लेक नवऱ्याला सोडून आलेली. जावई खोपोलीला कंपनीत. तिला दिवस गेले व्हते तवा त्यानं पोटात लाथ घातली. पोर राहिलं नाय. ती अंगावरच्या कपड्यानिशी आली. मी दार उघडलं, काय इचारलं नाय. मलाबी माज्या नवऱ्यानं मुसळानं मारलेलं, फुडचे दात तवाच गेले. इचारायचं काय त्यात.

त्या सकाळी चूल पेटलेली, परातीत पीठ मळलेलं. लेक पान्याच्या मधी व्हती, दोन पाहुन्या पोरींना शिकवत. जावई चढून आला. पिऊन आलेला, हातात कोयता. आल्या आल्या त्यानं तंबूच्या दोऱ्या तोडल्या. आतली पोरं अर्ध्या कपड्यांत भायेर पळाली. काठावर एक फळी व्हती, तिच्यावर घाव घातले, सरपन फोडावं तसे.

"ये भायेर," तो वरडला. "लोकांना मांड्या दाखवतेस?"

"तूच ये की आत," लेक म्हनाली. "गुडघ्याएवढंच पानी हाय."

त्याला पोहता येत नाय. तो कमरेपातूर गेला, पाय घसरला, नाकातोंडात पानी गेलं. पोरींतली एक हसली. तो पिसाळला. भायेर आला तो सरळ माज्याकडं.

माजा अंबाडा धरला आनि मला फरफटत चुलीपासून काढली. बरगडीत लाथा घातल्या. तोंडात रगत आलं, ते मी थुकलं. गावचे गडी तिथंच उभे, त्यांत माजा धाकटा दीरबी. तंबूवाला त्याला म्हनाला, "अहो, धरा की त्याला."

दीर म्हनाला, "गावचा जावई हाय. हात कसा लावायचा?"

आमच्यात तसंच हाय. लेक एकाची, पन जावई समद्या गावाचा. त्याच्यावर कोन हात उचलत नाय. मी पन त्याच्यापुढं पदर घेतल्याबिगर कदी गेले नाय, त्याचं तोंड कदी नीट बघितलेलं नाय.

त्यानं माज्या मानेवर कोयता टेकला. "येतेस का कापू म्हातारीला?"

लेकीनं फळी वळवली, काठाकडं. मला मानेचं काय वाटलं नाय, ती काठाकडं येत व्हती त्याचं भ्या वाटलं. ती काठाला लागली असती तर त्यानं तिला जित्ती ठेवली नसती. मला फरफटली तरी चूल हातभरच लांब व्हती. मी जळतं लाकूड ओढलं आनि त्याच्या गालावर दाबलं. पयल्यांदा त्याचं तोंड बघितलं ते तवा. त्यानं कोयता मारला, माज्या खांद्यात बसला. मी लाकूड सोडलं नाय. कातडं सुटलं तवा तो पडला.

"पलीकडं जा गं," मी वरडले.

पलीकडं ठाकरांची वाडी, तिथं तिची मैतरीन राहते. लेक पोरींना घेऊन तिकडं गेली. इकडं तंबूवाल्या पोरांनी जावयाला वल्ह्यांनी हानलं, निपचित पडेपातूर. ती पोरं कुठं आमच्या गावची, त्यांचा तो जावई नाय.

दोघांच्या जखमा सुकायला लागल्यावर देवळात बैठक बसली. जावई गालाला पट्टी लावून आला, बरोबर त्याची मानसं. दीर म्हनाला, "वहिनी, त्याचे पाय धू, पोरीला पाठव, मिटवून टाक."

जावयाला पाटावर उभा केला. मी एका हातानं त्याचे पाय धुतले, दुसरा वर होत नव्हता. पदरानं पुसले.

"आता बायको दे माजी," तो म्हनाला.

"जावयाचा मान व्हता, तो दिला," मी म्हनलं. "लेक देत नाय."

"मग गावात कशी राहतेस बघतो," दीर म्हनाला.

"नाय राहत."

घरी गेले नाय. तशीच तळ्यापातूर चढले. दीर नि बाकीची मानसं मागनं आली. लेक मला बघून पलीकडनं फळी घेऊन आली. मला पोहता येत नाय. ती म्हनाली, "बस आये, मधी बस, हलू नको." मी बसले. ती उभी राहून वल्हं मारत व्हती. मागं कोन काय बोललं ते मी ऐकलं नाय.