वादळाची चार पानं

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आईला मिळालेला काळा चष्मा परवा हातात घेतला आणि पिपरीतल्या आमच्या समोरच्या काकूंचं ऑपरेशन आठवलं. काकू गणिताच्या निवृत्त शिक्षिका. रहस्यकथेतला खुनी शेवटाआधीच ओळखायचा, हा त्यांचा जुना नाद. डोळ्यांवर असाच चष्मा होता, म्हणून जहाजावरच्या खुनाची एक कादंबरी मी त्यांना रोज दुपारी वाचून दाखवायची. कूलरच्या वाळ्याच्या ओल्या वासात मला झोप यायची, तेव्हा वादळाच्या वर्णनाची चार पानं मी गुपचूप सोडली. शेवटी कबुली दिली ती जहाजावरच्या डॉक्टरनं. बोट लागून उलट्या होत होत्या, म्हणून वादळात केबिनमधून उठताच आलं नाही, असं तो सांगत आला होता. काकू म्हणाल्या, "काऊन वं पोरी, हे मले कसं नाई समजलं? डोकं चालत नाई का आता माह्यं?" "वय झालं ना काकू, होते असं," मी म्हणाले. त्यानंतर त्यांनी रहस्यकथा कधी मागितली नाही. परवा कपाटातून ती कादंबरी काढून मी सोडलेली पानं वाचली. भर वादळात डॉक्टर डेकवर उभा राहून आरामात संत्रं सोलून खातोय. काकूंनी त्याला तिथंच धरला असता. त्या अजून समोरच राहतात.