पडद्यावरचा पट्टा

वेबसाइटवर टाकायचा फोटो आधी लहान करावा लागतो, हे बाबांना समजावताना मी हात टेकले होते. "एवढा चांगला निघालाय, मंग बारीक कशाला करतेस?" हे त्यांचं पालुपद. मोठा ठेवला तर आपल्या फोनच्या वायरीवरच्या इंटरनेटवर तो उघडेपर्यंत गिऱ्हाईक जेवून येईल, असं मी म्हटलं, तेव्हा कुठे पटलं. गिऱ्हाईक थांबत नाही, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

शेलार गावात आमच्या घराला लागूनच आमचा लूमचा गाळा होता. रंगीत सुताचं, बारीक चौकडीचं शर्टाचं कापड तिथे निघायचं. वेबसाइटचं खूळ माझं. कॉम्प्युटरचा क्लास नुकताच संपला होता आणि एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीत फोटो एडिट करायचं फुकटचं सॉफ्टवेअर मिळालं होतं. एवढ्या भांडवलावर मी स्वतःला मोठी शहाणी समजत होते.

बाबांच्या दोन्ही डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू उतरत होता. ऑपरेशनचं नाव काढलं की ते उठून गाळ्यात जायचे. हातातल्या कापडाची चौकडी त्यांना धड दिसायची नाही, पण कबूल करतील तर शपथ. मॉनिटरवर उजेड भरपूर, तिथे त्यांना दिसायचं. त्यामुळे त्या डबड्यावर त्यांचा भलताच विश्वास बसला होता.

कापड दाखवताना आमच्याकडे त्यावर हात पसरून ठेवायची पद्धत. पंजा दिसला की चौकडी केवढी, हे बघणाऱ्याला आपोआप कळतं. म्हणून फोटोतही बाबांनी आपला पंजा ठेवला होता. मी तो फोटो चारशे पिक्सेलचा केला आणि बाबांना पडद्यासमोर बसवून चहा टाकायला आत गेले. कप घेऊन आले तर बाबा खुर्चीवर नव्हते आणि मागच्या गाळ्यातून त्यांचा आवाज येत होता.

पडद्याकडे पाहिलं. चौकडीवर आडवे पट्टे उमटले होते, एक गडद, एक फिका. लूमवाल्याच्या घरात पट्टा म्हणजे साधी गोष्ट नाही. कुठे धागा दाट बसला, कुठे विरळ, तर कापडावर पट्टा पडतो, आणि तो विणणाऱ्याच्या माथी मारला जातो. मी धावत गाळ्यात गेले.

हे कापड निघायचं त्या लूमवर चाचा असायचे. मी शाळेत होते तेव्हापासूनचे, उत्तरेकडून आलेले, लूमवर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याच्या मारानं उजव्या हाताचं एक बोट कायमचं वाकडं झालेले. लूम बंद करून ते खाली मान घालून उभे होते. शेजारच्या लूम खडखडत होत्या, त्यावर बाबा ओरडत होते, "माझ्या कापडात पट्टा हाय, न् मला कुनी सांगत पन न्हाय! इतकी वर्सं काय झोपा काढल्या? उद्यापासून येऊ नको."

चाचांनी कापडावर हात फिरवला, उजेडात धरून पाहिलं. "सेठ, इसमें तो कुछ दिख नहीं रहा."

"तुला दिसत न्हाय. कॅमेऱ्याला दिसलं."

यावर चाचा भांडतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "फिर गलती हो गई होगी, सेठ," आणि खाली बसून चांगल्या चालत्या लूमचं, धागा किती दाट बसायचा ते ठरवणारं चक्र खोलायला लागले. ते वाक्य मला अजून सहन होत नाही. स्वतःच्या डोळ्यांनी चोख पाहिलेलं कापड, आणि दोष आपलाच म्हणून मोकळा झालेला माणूस! बाबांचा मला इतका राग आला की तिथे बोलले असते तर भलतंच काही बोलले असते.

मी मागे फिरून मॉनिटरसमोर बसले. कॅमेऱ्यातला मूळ फोटो उघडला. पट्टा नव्हता. लहान केलेला उघडला, पट्टे हजर. तोच मूळ फोटो पुन्हा लहान केला, या वेळी आकार थोडा बदलून, तर पट्ट्यांची रुंदीच बदलली. मग डोक्यात प्रकाश पडला. एवढी बारीक चौकडी थोडक्या ठिपक्यांत कोंबली की प्रत्येक रेघेला जागा मिळत नाही. काही रेघा राहतात, काही गळतात, आणि त्या गळतीचेच पट्टे दिसतात.

मी दोघांनाही हाक मारली. चाचा दारातच उभे राहिले, हाताला ग्रीस लागलंय म्हणून. मी फोटो वेगवेगळ्या आकारांत करून दाखवला आणि दर वेळी पट्टे जागा बदलत गेले.

"बाबा, विणलेला पट्टा असा हलतो का रे?"

बाबांनी खुर्ची पुढे ओढली. मग मी मूळ फोटो आधी जरासा धूसर केला आणि त्यानंतर लहान केला. पट्टे गेले, कापड कापडासारखं दिसायला लागलं.

"म्हंजे अंधुक केला तं खरा दिसतो?" बाबांनी विचारलं.

"फोटोपुरतं. डोळ्यांचं तसं नसतं," मी म्हटलं. टोमणा जिथे लागायचा तिथे लागला. चाचा दारातून त्या पडद्याकडेच बघत होते.

बाबा म्हणाले, "फोटो पुन्हा काढ. हात ह्याचा ठेव."

चाचा नको नको म्हणत होते. शेवटी साबणानं हात धुऊन आले आणि कापडावर पंजा ठेवला, अगदी हलका, कापड मळेल अशा भीतीनं. मी फोटो काढला, कॉम्प्युटरवर घेतला. वाकडं बोट ठळक दिसत होतं. आपल्याला येतंय तर छान करून द्यावं, म्हणून मी सॉफ्टवेअरमधून ते सरळ करायला घेतलं. बाबा पडद्याला नाक लावून बघत होते.

"ते काय करतेस?"

"बोट नीट करते."

"राहू दे," बाबा म्हणाले. "न्हाय तो डाग मी बघितला. हाय तो आता तू पुसू नको."

चाचांना मराठी पुरती कळायची. त्यांनी तो हात दुसऱ्या हातात धरला. मग विचारलं, "सेठ, कल?"

"सकाळच्या ड्युटीला ये," बाबा म्हणाले. "न् ते चक्र आधी बसव. मी पकडतो, मला दाखव कुठं बसतं ते."