डावं पाऊल वर येईना

माझी डावी चप्पल मागे राहिली आणि मी पुढे गेलो. तळव्याला तापलेली फरशी लागली तेव्हा कळलं. मागे वळलो, चप्पल घातली, निघालो. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ती उडून थेट जुमाच्या पुढ्यात पडली.

जुमा हा मी उभारत होतो त्या डाळमिलचा मॅनेजर. टांझानियातला, सहा फूट उंच, अत्यंत सभ्य माणूस. त्याने चप्पल उचलून माझ्या पायाशी ठेवली आणि विचारलं, "फुंदी, बरं नाही का?" फुंदी म्हणजे त्यांच्या भाषेत मिस्त्री.

"एकदम बरा आहे," मी म्हणालो आणि भिंत धरून उभा राहिलो.

मी कमलनगरचा. कलबुर्गीच्या एका कारखान्यात बावीस वर्षं इरेक्शन फिटर आहे. आम्ही डाळमिलच्या मशिनी बनवतो. त्या जिथे विकल्या जातात तिथे जाऊन उभ्या करायच्या आणि चालवून दाखवायच्या, हे माझं काम. तूर आता आफ्रिकेतही पिकते. म्हणून मिल तिकडे जातात, आणि मिलच्या मागोमाग मी. माझं इंग्रजी कामापुरतं. पण मराठी, कन्नड, दखनी आणि हातवारे मिळून माझं कुठे अडत नाही.

त्या दिवशी मात्र पायच अडला. डावं पाऊल घोट्यापासून लोंबत होतं. उचल म्हटलं तर उचलत नव्हतं. मग चालताना मी गुडघा उंच घ्यायचो आणि पाऊल फटकन जमिनीवर आपटायचं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, जत्रेत सोंग निघालंय. पावलाची वरची बाजू बधिर होती. दुखत मात्र काहीच नव्हतं. दुखलं असतं तर बरं वाटलं असतं. दुखण्याशी आपली ओळख असते.

मला भीती एकाच गोष्टीची होती. माझ्या वडिलांना माझ्याच वयात लकवा झाला. डावी बाजू गेली. नऊ वर्षं ते खाटेवर होते. त्यांचा डावा हात आई उचलून त्यांच्या मांडीवर ठेवायची. आणि फिटरचा पाय गेला म्हणजे शिडी गेली, शिडी गेली म्हणजे काम गेलं.

खोलीत जाऊन मी आरशासमोर स्वतःची तपासणी सुरू केली. हसलो. हसू दोन्हीकडून सारखं आलं. दोन्ही हात वर केले, दोन्ही वरच राहिले. कन्नडमधून वीसपर्यंत मोजलं, मराठीतून उलटं मोजलं, दखनीत एक शिवी घातली. तिन्ही भाषा शाबूत होत्या. मग पाऊलच का रुसलं?

घरी व्हिडिओ कॉल लावला. पायाचं सांगायचं नाही असं ठरवून लावला आणि पहिल्याच मिनिटात सांगून टाकलं.

"हसून दाखवा," बायको म्हणाली.

"कामून?"

"तोंड वाकडं झालंय का बघायलेय."

मी हसलो.

"ह्ये तर रोजच्यासारखंच दिसायलंय."

"म्हणजे सरळ का वाकडं?"

"रोजच्यासारखं." मग तिचा आवाज उतरला. "अवो, मामंजीचं असंच चालू झालं होतं. आधी हातातला पेला पडला. दवाखान्यात जावा. आत्ताच्या आत्ता."

"परवा ट्रायल हाय. ती झाली की जातो."

"आग लागू द्या त्या ट्रायलला!"

ट्रायल म्हणजे मिलमध्ये खरा माल घालून ती चालवून दाखवणं. त्याशिवाय गिऱ्हाईक सही करत नाही. म्हणून दुसरा फोन अण्णांना, म्हणजे आमच्या मालकांना.

"अण्णा, डावा पाय उचलंना झालाय."

"विमानात अवघडला असंल."

"विमानातून उतरून सोळा दिवस झाले."

"मग आत्ता कामून?"

"तेच तुमाला इचारायलोय."

"मी डॉक्टर हाय का रे? ट्रायल परवाच हाय न्हवं?" मी हो म्हणालो. "बरं, जिवाला जप."

ट्रायल आणि जीव, यांतलं आधी काय आलं, हे मी लक्षात ठेवलंय.

जुमाला साप चावल्याचा संशय होता. तो टॉर्च घेऊन अंगठ्यापासून गुडघ्यापर्यंत दातांच्या खुणा शोधत बसला. मला वाटत होतं की मशिनीच्या फ्रेममध्ये करंट उतरतोय आणि तोच पायाला लागलाय. टेस्टर लावून सगळी फ्रेम तपासली. करंट नव्हता. त्या संध्याकाळी मी पायापेक्षा मोटर जास्त तपासली, कारण मोटर मला समजते.

दुसऱ्या दिवशी सकाळी एलिवेटरच्या शिडीवर चढलो. एलिवेटर म्हणजे छोट्या बादल्या लावलेला उभा पट्टा, तो धान्य वर नेतो. वरच्या टोकाला पट्ट्याचा ताण बघायचा होता. चौथ्या पायरीवर डावा पाय ठेवायला गेलो, तर पाऊल पायरीवर न येता खालूनच आपटलं. तोल गेला. मी दोन्ही हातांनी लटकलो. खाली सिमेंट होतं. जुमाने धावत येऊन मला कमरेला धरून, लहान पोराला उतरवावं तसं उतरवलं.

"फुंदी, मिल थांबेल," तो म्हणाला. "गाडीत बसा."

आता मी वाद घातला नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टर बाई तरुण होत्या, पण घाई अजिबात नाही. चेहरा, डोळे, हात सगळं बघून त्या पायाशी आल्या.

"पावलाने माझा हात खाली दाबा."

दाबला. चांगला जोर होता.

"आता वर उचला."

काही नाही. मी पावलाकडे बघत राहिलो, जणू ते दुसऱ्याचंच होतं.

मग त्यांनी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली, बोटाने टकटक केली. तिथून थेट बोटांपर्यंत झिणझिणी गेली. मी "अगाई गं!" म्हणून ओरडलो. बाई खूश झाल्या. आपण ओरडलो की डॉक्टरांना बरं वाटतं.

"वजन कमी झालंय?"

मी कमरेचा पट्टा दाखवला. खिळ्याने नवीन भोक पाडलं होतं. बरोबर आणलेल्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आठवड्यात संपली होती. तिथलं मक्याचं पीठ उकडून केलेलं जेवण माझ्या घशाखाली उतरत नव्हतं.

"काम काय करता? म्हणजे नेमकं कसं करता?"

इथे माझं इंग्रजी संपलं. म्हणून मी करूनच दाखवलं. मशीन समतल नसली की थरथरते, आणि थरथरली की डाळ फुटते. म्हणून कोपऱ्यांखाली पातळ पत्रे सारायचे आणि लेव्हल बघायची. लेव्हल म्हणजे काचेच्या नळीतला बुडबुडा, तो मधोमध यायला हवा. त्यांचं पेन मी लेव्हल केलं, टेबल मशीन केलं आणि कपाट भिंत. त्या दोघांच्या फटीत उकिडवा बसलो. डावा पाय पूर्ण दुमडून सगळा भार त्याच्यावर टाकला आणि एक डोळा मिटला. दारातले दोन पेशंट आत येऊन बघायला लागले.

"थांबा!" बाई उठल्या. "असेच बसा. असे किती वेळ बसता?"

"बुडबुडा मधे येईपर्यंत."

"म्हणजे किती?"

"या वेळी दोन दिवस लागले. फाउंडेशनच वाकडं होतं."

त्या वाकल्या आणि माझ्या दुमडलेल्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला बोट ठेवलं. "इथे. इथून एक नस हाडावरून जाते, कातडीच्या अगदी खालून. पाऊल वर उचलण्याचं काम तिचं. तिच्यावर चरबीची थोडी गादी असते. ती तुमच्या वजनाबरोबर गेली. आणि तुम्ही दोन दिवस त्या नसेला दाबून बसलात."

"म्हणजे लकवा नाही?"

"मेंदूचं काही दिसत नाही. पण घरी गेल्यावर नसांची तपासणी करून घ्या. आणि मला सांगा, काल का आला नाहीत? मेंदूचं असतं, तर कालचा एकेक तास महत्त्वाचा होता."

मी आरशातल्या तपासणीचं सांगितलं.

"आरशाकडे डिग्री आहे का?" त्यांनी विचारलं.

पाऊल सरळ धरणारी पट्टी बांधून मी परतलो. उकिडवं बसायला सक्त मनाई. ट्रायल एक दिवस उशिरा झाली. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून बोट दाखवत होतो आणि जुमाची माणसं पट्टा ओढत होती. अण्णांनी व्हिडिओ कॉलवर बघितलं.

"खुर्चीवर बसून काम करायलास व्हय रे? सायेब झालास की!"

डाळ अख्खी पडली, सही झाली. कलबुर्गीत नसांची तपासणी झाली, निदान तेच निघालं. दोन महिन्यांनी अंगठा जरासा हलला. पाचव्या महिन्यात मी शिडी चढलो.

बायकोला मात्र हे पटलं नाही. "मी जन्मभर उकिडवी बसून खुरपायलेय. मला कामून न्हाई झालं?"

मी कलबुर्गीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, खुरपताना माणूस सारखा पुढे सरकतो, कुठलीच नस फार वेळ दाबली जात नाही. हे मी तिला सांगितलं.

"मग तुमी कामून सरकला न्हाई?"

"बुडबुडा हलला असता."

तिने माझ्याकडे असं बघितलं की हसून दाखवायची माझी हिंमत झाली नाही.

आता मी लाकडी पाटावर बसतो आणि दर दहा मिनिटांनी उठून एक फेरी मारून येतो. बुडबुडा तोवर आहे तिथेच असतो. बावीस वर्षांत मी हे कधी तपासून बघितलं नव्हतं.